चिंचिलाच्या डोळ्यात पाणी आले, तर आधी तोंड पाहावे

चिंचिला हा दाट लोकरीचा, उंदराच्या जातकुळीतला छोटा प्राणी पाळलेल्या घरात आजारपणाची पहिली चाहूल पुष्कळदा डोळ्यापासून लागते. एके सकाळी एका डोळ्याखालची लव ओली होऊन चिकटलेली दिसते, डोळा अर्धवट मिटलेला वाटतो आणि घरातले कोणीतरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून माणसांसाठीचे डोळ्यांचे थेंब आणते. थेंब घातल्यावर दोन-चार दिवस बरे वाटते, मग पाणी पुन्हा सुरू होते आणि तोवर प्राणी बराच वाळलेला असतो. चिंचिलाच्या बाबतीत डोळ्यातले पाणी ही अनेकदा दाढांची तक्रार असते, हे ठाऊक नसल्यामुळे हा वेळ वाया जातो. म्हणून डोळा आणि तोंड यांचा विचार इथे एकत्रच केला आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जनावरांच्या दवाखान्यांची घडी गाई, म्हशी, शेळ्या आणि शहरात कुत्र्या-मांजरांभोवती बसलेली आहे, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण इथल्या शेतकऱ्याचा संसार त्या जनावरांवर चालतो. अर्धा किलो वजनाचा, मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला हा प्राणी त्या टेबलावर क्वचितच येतो. त्यामुळे दुखणे लवकर ओळखण्याची जबाबदारी इथे पाळणाऱ्यावर अधिक पडते, आणि डॉक्टरांकडे जाताना नेमक्या नोंदी हातात असणे हे निम्मे निदान ठरू शकते.

दात थांबत नाहीत

चिंचिलाच्या तोंडात एकूण २० दात असतात. समोर वर दोन आणि खाली दोन असे चार पटाशीचे दात, आणि मागे दोन्ही बाजूंना वर चार व खाली चार अशा सोळा दाढा. सुळे नसतात, पटाशी आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते. हे वीसही दात जन्मभर वाढत राहतात. माणसाच्या किंवा कुत्र्याच्या दाताला एकदा मूळ तयार झाले की वाढ संपते. चिंचिलाच्या दाताचे बूड मात्र कायम उघडे राहते आणि तिथून नवा भाग तयार होत राहतो. पुढचे दात वर्षाकाठी साधारण ५ ते ७ सेंटीमीटर वाढतात, यावरून या वाढीचा वेग ध्यानात यावा.

इतकी वाढ होऊनही रानातल्या चिंचिलाचे दात तोंडाबाहेर येत नाहीत, कारण तिथे त्याला दिवसाचा मोठा भाग कोरडे, चिवट आणि कमी पोषणाचे गवत चावण्यात घालवावा लागतो. गवत चावताना खालचा जबडा आडवा फिरतो आणि वरच्या-खालच्या दाढा जात्याच्या दोन तळ्यांप्रमाणे एकमेकींवर घासल्या जातात. गवतातला सिलिका हा कठीण घटक त्या घासण्याला मदत करतो. बाजारातल्या गोळ्या खाताना मात्र जबडा वर-खाली होतो, गोळी चुरडली जाते आणि दोन-तीन चावण्यांत काम आटोपते. पोट भरते, पण दाढा झिजत नाहीत. केवळ गोळ्या, धान्य आणि सुका मेवा यांवर वाढवलेल्या प्राण्याच्या दाढांचे दुखणे इथूनच सुरू होते.

झीज कमी पडली की दाढ आधी तोंडात उंच होते. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडेला गालाच्या दिशेने आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडेला जिभेच्या दिशेने टोके येतात; ती टोके गालाला आणि जिभेला टोचून जखमा करतात. पण खरा घोळ त्यापुढचा आहे. तोंड मिटल्यावर वरची आणि खालची दाढ एकमेकींना भिडतात आणि वर वाढायला जागाच उरत नाही, म्हणून वाढणारी दाढ उलट्या दिशेने, म्हणजे आपल्याच बुडाकडून हाडात घुसू लागते. खालच्या जबड्यात ती हाडाच्या खालच्या कडेपर्यंत पोहोचते आणि तिथे उंचवटे तयार होतात. वरच्या जबड्यात तिच्यावर डोळ्याची खोबण असते आणि जवळूनच अश्रू नाकात वाहून नेणारी बारीक नलिका जाते. नलिका दाबली गेली की अश्रूंना वाट राहत नाही आणि ते गालावरून ओघळतात. डोळा स्वच्छ, बुबुळ चकचकीत, लाली नाही, आणि तरीही एका बाजूने सतत पाणी, असे चित्र असेल तर मी थेंबांच्या बाटलीला हात लावण्याआधी दाढांच्या एक्स-रेचा आग्रह धरेन.

यात आनुवंशिकतेचाही भाग आहे. आज जगभर पाळल्या जाणाऱ्या चिंचिलांपैकी मोठा हिस्सा मॅथियास चॅपमन या अमेरिकी खाण अभियंत्याने १९२३ मध्ये चिलीतून कॅलिफोर्नियात नेलेल्या अकरा प्राण्यांच्या वंशातला मानला जातो. ते पाळले गेले लोकरीसाठी. त्यांच्या जबड्याची निवड कोणी केली नव्हती. रानातून पकडलेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या चिंचिलांच्या कवट्या ताडून पाहिल्यावर पाळीव प्राण्यांच्या दाढा अधिक लांब आढळल्या आहेत. त्यामुळे उत्तम गवत देऊनही एखाद्या प्राण्याला हा त्रास होऊ शकतो, आणि तसे झाल्यास पाळणाऱ्याने स्वतःला बोल लावण्याचे कारण नाही.

काटा काय सांगतो

चिंचिला हा शिकार होणारा प्राणी असल्यामुळे दुखणे लपवणे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. उडी मारणारा, रात्री पिंजरा दणाणून सोडणारा प्राणी महिनोन्‌महिने दुखऱ्या दाढा घेऊन जगत असू शकतो. दवाखान्यातले संभाषण साधारण असे होते.

“ताई, खातोय का?”

“खातोय की डॉक्टर, सगळ्या गोळ्या संपवतोय.”

“आणि गवत?”

इथे थोडी शांतता पसरते. गवत तसेच पडून राहते हे लक्षात आलेले असते, पण ते लक्षण आहे असे वाटलेले नसते. दाढा दुखणारा चिंचिला सर्वांत आधी गवत सोडतो, कारण ते सर्वांत जास्त चावावे लागते. मग मोठ्या गोळ्या सोडतो, आणि शेवटी मऊ, गोड तेवढेच उचलतो. तोंडात घेतलेला घास खाली टाकणे, भांड्याजवळ उत्सुकतेने येऊन नुसते हुंगून परत जाणे, पुढच्या पायांनी तोंड पुसत राहणे, दात करकरणे, ही याच मालिकेतली पुढची लक्षणे होत. हनुवटीखालची लव ओली आणि गुठळ्या झालेली दिसू लागली, पुढच्या पायांची आतली बाजूही ओलसर राहू लागली, तर लाळ गळते आहे असे समजावे; इथवर आजार बराच पुढे गेलेला असतो. लेंड्यांकडेही पाहावे. निरोगी लेंडी भरीव, लांबट आणि एकसारखी असते. ती लहान, टोकदार किंवा संख्येने कमी झाली की आत जाणारा चारा कमी झाला आहे एवढे निश्चित.

या सगळ्याच्या आधी बोलतो तो वजनाचा काटा. स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा आणि त्यावर ठेवायला एक खोल प्लॅस्टिकचे भांडे, एवढ्यावर काम भागते. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, संध्याकाळी खाणे देण्याआधी वजन करून वहीत लिहावे. प्रौढ चिंचिलाचे वजन बहुधा ४०० ते ६०० ग्रॅमच्या आसपास असते, काही प्राणी याहून भारी असतात. पण महत्त्वाचा असतो तो त्या प्राण्याचा स्वतःचा आकडा. समजा वहीत चार आठवड्यांचे आकडे ५६०, ५५२, ५४१, ५२८ असे आहेत. कोणत्याही एका आठवड्यात काही बिघडल्याचे वाटत नाही, दाट लोकरीमुळे हातालाही फरक लागत नाही. मात्र महिन्याभरात ३२ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ ६ टक्के वजन गेलेले असते. वाढ पूर्ण झालेल्या प्राण्याचे वजन असे पायरीपायरीने उतरत असेल, तर बाकी काहीही दिसत नसले तरी तोंडाची तपासणी करून घ्यावी.

घरी करता येण्याजोगी आणखी एक तपासणी म्हणजे जबडा चाचपणे. संध्याकाळी प्राणी शांत असताना त्याला मांडीवरच्या टॉवेलवर घ्यावे, एक तळवा छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली ठेवून आधार द्यावा. मानेच्या कातडीला किंवा अंगाच्या लोकरीला धरून उचलू नये. घाबरलेला चिंचिला लोकरीचा पुंजका हातात सोडून निसटतो आणि ती जागा भरायला काही महिने लागतात. छातीही आवळू नये. प्राणी स्थिरावला की अंगठा आणि पहिले बोट यांच्यामध्ये खालच्या जबड्याची कड अलगद धरून हनुवटीपासून कानाच्या दिशेने सरकवावे. निरोगी कड सलग आणि गुळगुळीत लागते. तिथे ओळीने बारीक उंचवटे लागत असतील, किंवा दोन बाजूंत फरक जाणवत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. महिन्यातून एकदा हे केले की बोटांना त्या जबड्याची ओळख होते आणि बदल लगेच कळतो.

पुढचे दात पाहणे सर्वांत सोपे आहे, म्हणून लोक तेवढेच पाहतात आणि निश्चिंत होतात. त्यांचा रंग पिवळट-नारिंगी असावा; तो पांढुरका पडला तर आहारातल्या खनिजांचा आणि एकूण प्रकृतीचा विचार करावा लागतो. ते सरळ भिडत नसतील, एखादा वाकडा किंवा लांब झाला असेल, तर बहुतेक वेळा मागच्या दाढांनीच जबड्याची जुळणी बिघडवलेली असते. लांबलेला दात नखे कापायच्या कटरने घरी कापणे हा प्रकार काही ठिकाणी चालतो. तो करू नये. दात उभा चिरतो, चीर मुळापर्यंत जाते आणि पुढे गळू होते.

दुखणे खरोखर डोळ्याचेच असेल तर

चिंचिलाचे डोळे मोठे आणि बाहेर आलेले असतात, त्यांची खोबण उथळ असते, त्यामुळे त्यांना इजाही सहज होते. दोन्ही डोळे एकदम लाल झाले, पापण्या सुजल्या, चिकट पिवळट चिपडे येऊ लागली, तर आधी पिंजऱ्यात आणि खोलीत काय बदलले ते शोधावे. चिंचिला पाण्याने नव्हे, तर बारीक खनिज धुळीत लोळून अंग साफ ठेवतो. ही धूळ आठवड्यातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटांपुरती द्यावी आणि भांडे काढून घ्यावे. भांडे दिवसभर आत राहिले की त्यात लेंड्या पडतात, लघवी होते आणि तीच धूळ डोळ्यांत जाते. तयार धूळ महाग पडते म्हणून नदीची वाळू, घरामागची तांबडी माती, रांगोळी किंवा टाल्कम पावडर वापरण्याचा मोह टाळावा. वाळू आणि रांगोळीचे कण खरखरीत असतात, रांगोळीत रंग असतात, आणि टाल्कम पावडर श्वासावाटे आत जाते. डोळा बिघडलेला असेपर्यंत धुळीचे भांडे पूर्ण बंद ठेवावे.

निपाणी आणि आसपासच्या गावांत आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे लागते. तंबाखूच्या वखारीजवळ किंवा जिथे तंबाखू कुटली-चाळली जाते अशा घराशेजारी पिंजरा असेल, तर ती भुकटी डोळ्यांना आणि नाकाला झोंबते; पिंजरा त्या बाजूच्या खिडकीपासून दूर हलवणे हाच उपाय. ऊस पट्ट्यात पाचट फुकट मिळते म्हणून ते पिंजऱ्यात अंथरणेही बरे नव्हे, कारण त्याच्या धारदार कडांनी बुबुळावर ओरखडा उठू शकतो. गवताचे कुसळ पापणीआड अडकण्याचा प्रकारही घडतो. तेव्हा एकच डोळा अचानक, काही तासांत, घट्ट मिटला जातो आणि प्राणी उजेड टाळतो.

अशा अचानक मिटलेल्या डोळ्याला त्याच दिवशी डॉक्टर हवेत. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला व्रण झाला आहे का, हे डॉक्टर फ्लुरोसीन नावाच्या रंगाचा थेंब घालून पाहतात. निळ्या उजेडात जखमेची जागा हिरवी चमकते. ही तपासणी अगदी साधी आहे आणि कुत्र्यांवर रोज काम करणाऱ्या कोणत्याही दवाखान्यात होऊ शकते. ती होण्याआधी घरातले जुने थेंब न घालण्याचे कारण असे की मेडिकलमध्ये मिळणाऱ्या अनेक थेंबांत प्रतिजैविकासोबत डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड मिसळलेले असते. स्टेरॉइडने लाली चटकन कमी होते, म्हणून औषध लागू पडले असे वाटते. पण व्रण असेल तर तो भरून येत नाही, उलट खोल जातो आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. बाटलीवरची घटकांची ओळ वाचून दाखवली तरी फार्मसीवाला ते सांगू शकतो. गुलाबपाणी, दुधाचे थेंब, मध, तूप, काजळ यांपैकी काहीही त्या डोळ्यात घालू नये. डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत कोमट केलेल्या नॉर्मल सलाइनमध्ये कापसाऐवजी स्वच्छ गॉज बुडवून, नाकाकडच्या कोपऱ्यापासून बाहेरच्या दिशेने हलक्या हाताने चिपडे पुसावीत आणि दुसऱ्या डोळ्यासाठी नवा तुकडा घ्यावा. भोवतालची लोकर ओली राहू देऊ नये.

डोळ्याभोवतीचे केस गळून कातडी कोरडी, खवलेदार दिसत असेल, तर तो डोळ्याचा आजार नसून गजकर्णाची बुरशी असण्याचा संभव मोठा. पावसाळ्यात आपल्या भागात याला अनुकूल हवा असते. नाक, कान आणि पाय यांवरही असेच चट्टे दिसतात आणि ही बुरशी माणसांना लागते, म्हणून प्राण्याला हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि घरातल्या लहान मुलांना काही दिवस लांब ठेवावे. म्हाताऱ्या चिंचिलात मोतीबिंदूही होतो. पिंजऱ्यातली मांडणी बदलली नाही तर त्याला दिसत नसल्याचे फारसे अडत नाही. मिशा, कान आणि सवय यांवर तो निभावून नेतो.

दवाखान्यात

जागेपणी चिंचिलाच्या तोंडात डोकावून फारसे काही कळत नाही. तोंड अरुंद असते, गाल आत येतात, जीभ आड येते, आणि कानात पाहायच्या दुर्बिणीने दिसतात त्या पहिल्या एक-दोन दाढा. पूर्ण तपासणी भूल देऊनच होते. त्यातही दातांचा जो भाग हाडात आहे तो डोळ्यांना दिसणारच नाही, म्हणून कवटीचे वेगवेगळ्या बाजूंनी एक्स-रे काढावे लागतात. मोठ्या शहरांत सीटी स्कॅनही होतो आणि तो सर्वांत स्पष्ट असतो. “वरून तोंड ठीक आहे” या शेऱ्यावर समाधान मानू नये. एक्स-रेची सोय बेळगाव शहरातल्या कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात झाली, तर त्या प्रतिमा पुण्या-मुंबईच्या किंवा बंगळूरच्या, सशांवर आणि अशा छोट्या प्राण्यांवर काम करणाऱ्या डॉक्टरांना मोबाइलवर पाठवून सल्ला घेता येतो, आणि बहुतेक स्थानिक डॉक्टर याला आनंदाने तयार होतात. निपाणीकरांना बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ आहे. पुण्याला जायचेच झाले तर रस्ता सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा आहे; उन्हाळ्यात तो प्रवास पहाटे किंवा रात्री, वातानुकूलित गाडीतच करावा.

भूल देण्याआधी कुत्र्याला रात्रभर उपाशी ठेवतात. चिंचिलाला तसे ठेवू नये. त्याला उलटी होत नाही, आणि त्याची आतडी रिकामी राहिली की त्यांची हालचाल मंदावते. ही गोष्ट डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावी, त्याचे नेहमीचे गवत सोबत न्यावे आणि शुद्धीवर आल्यावर लगेच पुढे ठेवावे.

दुसरी बोलून घ्यायची गोष्ट प्रतिजैविकांची आहे, आणि ती जीवन-मरणाची आहे. चिंचिलाचे पचन आतड्यातल्या उपयोगी जंतूंवर चालते. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन अशी औषधे तोंडावाटे दिली तर ते जंतू मरतात, त्यांच्या जागी विष तयार करणारे जंतू माजतात आणि प्राणी काही दिवसांत दगावतो. माणसांच्या दाढेला सूज आली की घराघरात जी गोळी आधी आठवते ती नेमकी याच यादीतली आहे. चिंचिलाला चालणारी प्रतिजैविके आहेत. ती कोणती, किती आणि कधी हे डॉक्टरांनीच वजनावरून ठरवावे. वेदनाशामकाचेही तेच. दुखऱ्या दाढेला वेदनाशामक हवेच, त्यासाठी मेलॉक्सिकॅम पुष्कळदा वापरतात, पण घरातली गोळी अंदाजाने कुस्करून देऊ नये.

उपचार काय होतात, हे आजार कुठवर गेला आहे यावर ठरते. दाढांना नुसती टोके आली असतील तर भुलीखाली बारीक यंत्राने ती घासून काढतात, दाढांची उंची कमी करतात, गालाच्या जखमा भरतात आणि प्राणी पुन्हा खाऊ लागतो. झीज कमी पडण्याचे कारण तसेच राहिले, किंवा जबड्याची ठेवणच वाकडी असली, तर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हे पुन्हा करावे लागते. दाढेचे बूड हाडात घुसलेले असेल, तर ते मागे आणता येत नाही. हे ऐकायला कठीण आहे, पण डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगावे आणि पाळणाऱ्याने स्पष्ट विचारावे. अशा वेळी मऊ पण तंतुमय खाणे, वेदनाशामक आणि अधूनमधून घासणी यांवर काही प्राणी बराच काळ बऱ्यापैकी जगतात; काही जगत नाहीत. औषध देऊनही प्राणी स्वतःहून खात नसेल, वजन उतरतच असेल आणि दर वेळी भूल अधिक जड जात असेल, तर त्याला भुलीतच शांतपणे जाऊ देण्याचा विचार डॉक्टरांसमोर मांडण्यात संकोच वाटू देऊ नये.

बरे होईपर्यंतचे खाणे

अर्धा दिवस काहीही न खाल्लेला चिंचिला ही तातडीची बाब आहे. “उद्या बघू” असे म्हणून रात्र काढू नये. दातांवर काम झाल्यानंतरही तोंड दुखत असल्यामुळे काही दिवस हाताने भरवावे लागते. आजारी शाकाहारी प्राण्यांसाठी गवताच्या भुकटीचे तयार खाणे ऑनलाइन मिळते, ते एक पाकीट घरात आधीच आणून ठेवलेले बरे, कारण गरज पडते तेव्हा कुरिअर यायला चार दिवस लागतात. ते नसेल तर त्याच्याच नेहमीच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून, बारीक कालवून पातळ लापशी करावी. सुईविना छोट्या सिरिंजचे टोक तोंडाच्या बाजूने, पटाशी आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून आत सरकवावे आणि थोडी लापशी सोडून थांबावे. प्राणी चावून गिळतो हे पाहिल्यावरच पुढचा थेंब. समोरून सरळ घशात सोडले किंवा प्राण्याला उताणे धरले, तर अन्न श्वासनलिकेत जाते. दिवसातून किती वेळा आणि किती मिलिलिटर, हे वजनावरून डॉक्टर लिहून देतात. तो कागद आणि वजनाची वही शेजारी-शेजारी ठेवावी. या दिवसांत वजन रोज करावे.

गवत, पाऊस आणि बेदाणे

सगळ्या प्रतिबंधाचे सार गवतात आहे, आणि आपल्याकडे अडचणही तिथेच आहे. आयात टिमोथी गवताच्या पिशव्या ऑनलाइन मिळतात, पण खर्चिक असतात. स्थानिक पर्यायांत स्वच्छ जागेवरची, नीट वाळवलेली हरळी किंवा ओटचा वाळवलेला चारा चालू शकतो; रस्त्याकडेची किंवा फवारणी झालेल्या बांधावरची हरळी मात्र आणू नये. कडब्याची जाड धाटे आणि भाताचे पिंजर यांवर म्हैस जगते म्हणून चिंचिलाही जगेल असे नाही; त्याच्या रोजच्या आहारात त्यांना जागा नाही. लसूणघास लहान पिल्लांना आणि व्यायलेल्या मादीला ठीक, पण प्रौढ प्राण्याला रोज देऊ नये, कारण त्यात कॅल्शियम आणि प्रथिने फार असतात. गवत दिवसरात्र, हवे तेवढे, आणि गोळ्या दिवसाला चमचा-दोन चमचे, असे प्रमाण ठेवावे. लाकडाचे तुकडे कुरतडायला द्यावेत, पण त्यांनी झिजतात ते पुढचे दात. दाढा लाकडाने झिजत नाहीत.

मृगाच्या आधी दोन-तीन महिन्यांचे गवत भरून ठेवायची आपली शेतकरी सवय इथेही उपयोगी पडते, मात्र ते फरशीवर न ठेवता फळीवर, कापडी पोत्यात आणि भिंतीपासून सुटे ठेवावे. खानापूर आणि पश्चिमेकडच्या गावांत जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की बंद प्लॅस्टिकमधले गवत आतून घाम धरते. कुबट वास, काळपट ठिपके किंवा झटकल्यावर उडणारी राखट भुकटी दिसली की तो हप्ता गोठ्याकडेही न देता फेकावा. बुरशीची भुकटी डोळ्यांना आणि फुफ्फुसांना दोन्हीकडे बाधते, आणि मळकट वासाचे गवत चिंचिला खात नाही, म्हणजे पुन्हा दाढांची झीज थांबते. पिंजऱ्याच्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नयेत. शक्य असेल तिथे हवेतला ओलावा काढून घेणारे यंत्र (डीह्युमिडिफायर) वापरावे किंवा एसी कोरड्या मोडवर लावावा.

बेळगावची हवा महाराष्ट्राच्या पठारावरच्या अनेक शहरांपेक्षा थंड असली तरी एप्रिल-मे महिन्यांत ती चिंचिलाला मानवत नाही. १५ ते २१ अंश सेल्सिअस हा त्याला सुखाचा पट्टा. २७ च्या पुढे उष्माघाताचा धोका सुरू होतो. गरमीने बेजार झालेला प्राणी कमी खातो आणि कमी चावतो, त्यामुळे उन्हाळ्यातली वजनघट केवळ उन्हाची की दाढांचीही, हे काट्यावरून लगेच ठरत नाही. हवा थंड झाल्यावरही वजन भरून आले नाही तर तोंड तपासून घ्यावे. दुपारी लाइट गेली तर काय करायचे, याची सोय उन्हाळ्याआधीच ठरलेली असावी.

राहता राहिला खाऊ. पाहुणे आले की पिंजऱ्यापाशी चार बेदाणे, शेंगदाणे, करदंटाचा तुकडा, कधी कुंद्याचे बोटसुद्धा पुढे केले जाते, आणि चिंचिला ते इतक्या लगबगीने घेतो की देणाऱ्याला पुन्हा द्यावेसे वाटते. विजापूर-अथणीकडचे उत्तम बेदाणे झाले तरी त्यांत साखरच आहे. दाढांना कीड लागते, पोटात वायू धरतो, आणि गोडावर पोट भरलेला प्राणी गवताकडे पाहत नाही. मुलांना द्यायचेच असेल तर वाळवलेल्या गुलाबाची किंवा जास्वंदीची एखादी पाकळी, तीही फवारणी नसलेल्या घरच्या झाडाची, हातात द्यावी.

नवा चिंचिला आणताना विक्रेत्याकडे त्याच्या आईबापांच्या दातांची चौकशी करावी. ज्यांच्या दाढा बिघडल्या आहेत अशा प्राण्यांची पैदास करू नये, हा नियम चांगले पैदासकार पाळतात आणि न विचारता सांगतात. प्राणी घरी नेण्याआधी त्याचे वजन करून घ्यावे, हनुवटी आणि डोळ्यांखालची लव कोरडी आहे का ते पाहावे, जबड्याची खालची कड दोन्ही बाजूंनी चाचपावी, आणि तो समोर टाकलेले गवत खातो का, हे तिथेच दहा मिनिटे बसून पाहावे. गवत न खाणारा प्राणी कितीही देखणा असला तरी घेऊ नये.